जपानमध्ये, पण इंग्रजीतून: लिबरल आर्ट्सचं हे प्रकरण आहे तरी काय?

जपानी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. एका काकूंनी तो सगळ्यात सरळ विचारला. "जपानला जायचं, तिथे इंग्रजीतून शिकायचं, आणि शिकायचं काय, तर आर्ट्स? मग इथलं कॉलेज काय वाईट आहे?"

काकूंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेच्या व्हिसाची खात्री उरली नाही तशी घराघरांत नकाशे पुन्हा उघडले गेलेत. २०२५ च्या मे महिन्यात हार्वर्डमधल्या परदेशी विद्यार्थ्यांवर गदा आली, तेव्हा जपानमधल्या काही नामांकित विद्यापीठांनी "आमच्याकडे या" म्हणून दार उघडलं. टोकियो विद्यापीठ २०२७ च्या शरद ऋतूत संपूर्ण इंग्रजीतून चालणारं, पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षांचं डिझाइनचं नवं कॉलेज सुरू करतंय. शिक्षण मेळाव्यांतल्या फलकांवर आता कॅनडा-जर्मनीच्या शेजारी जपानही दिसतो.

गोंधळ होतो तो मुख्यतः एका कारणाने. यात दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक इंग्रजी माध्यम आणि दुसरी लिबरल आर्ट्स. या दोघींचं एकमेकींशी मुळात काही नातं नाही. लिबरल आर्ट्स जपानीतून शिकवता येतं, आणि इंग्रजीतून नुसतं मेकॅनिकल इंजिनिअरिंगही शिकवता येतं. तरी जपानमध्ये या दोघी बहुतेक वेळा हातात हात घालूनच का फिरतात, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

## आधी "आर्ट्स" या शब्दाचा घोळ

आपल्याकडे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स आणि उरलेलं ते आर्ट्स अशी उतरंड डोक्यात पक्की बसलेली आहे. लिबरल आर्ट्समधलं "आर्ट्स" हे ते नव्हे. मध्ययुगीन युरोपात स्वतंत्र माणसाला यायलाच हव्यात अशा सात विद्या मानल्या जात. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. यातल्या अंकगणित, भूमिती आणि खगोल तर आज आपण सायन्सच्या खात्यात टाकू. म्हणजे लिबरल आर्ट्स हे विषयाचं नाव नाही, शिकण्याच्या रचनेचं नाव आहे. आधी पुष्कळ दिशांना थोडं थोडं शिकायचं आणि मग एका विषयात खोल उतरायचं.

मुंबईच्या मंडळींना हे लोकलच्या भाषेत सांगता येईल. कर्जत आणि कसारा, दोन्हीकडच्या गाड्या कल्याणपर्यंत एकाच मार्गाने जातात. फाटा कल्याणनंतर. जपानच्या नेहमीच्या विद्यापीठात मात्र तुम्हाला सीएसएमटीलाच ठरवावं लागतं की तुम्ही कर्जतचे की कसाऱ्याचे, आणि एकदा डब्यात चढलात की मधे उतरून गाडी बदलणं महाकठीण. लिबरल आर्ट्सवाला म्हणतो, बसा निवांत, कल्याण आलं की ठरवू.

ही सीएसएमटीची घाई तिथे शाळेपासूनच सुरू होते. बहुतेक मुलं कनिष्ठ महाविद्यालयाच्या वयातच "बुनकेइ" म्हणजे भाषा-समाजशास्त्रवाले आणि "रिकेइ" म्हणजे विज्ञानवाले अशी विभागली जातात. मग प्रवेश परीक्षाही विद्यापीठाची नसते, विद्यापीठातल्या एका ठरावीक विद्याशाखेची असते. या विद्याशाखेला म्हणतात गाकुबु. कायद्याचा गाकुबु, अर्थशास्त्राचा गाकुबु. हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

## जपानमध्ये हे आलं कुठून?

अमेरिकेतून, आणि युद्ध हरल्यावर. १९४५ नंतरच्या अमेरिकी अंमलात जपानची शिक्षणव्यवस्था नव्याने मांडली गेली. नव्या पद्धतीच्या विद्यापीठांत पहिली साधारण दोन वर्षं सर्वांना सामान्य ज्ञानशाखांचे विषय सक्तीचे झाले. कल्पना अशी, की अरुंद तज्ज्ञ तयार झाले म्हणून देश आंधळेपणाने युद्धात गेला, आता जरा रुंद माणसं घडवू.

त्याच काळात, १९४९ मध्ये, इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीची स्थापना झाली. तिला जपानमध्ये सगळे "आयसीयू" म्हणतात. (मुलगा आयसीयूत आहे असं फोनवर सांगितलं तर आजीला आधी पाणी द्यावं.) १९५३ मध्ये तिथे पदवीचे वर्ग सुरू झाले. टोकियोच्या पश्चिमेला मिताका इथे ज्या इमारतीत हे वर्ग भरतात, ती युद्धकाळात नाकाजिमा या विमान कंपनीच्या संशोधन केंद्राची होती. लढाऊ विमानं बनवणाऱ्या कंपनीची ती इमारत. आज तिथे प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला बांधील राहण्याच्या प्रतिज्ञेवर सही करतो. मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीच्या उंचवट्याला मुलं "बाकायामा" म्हणतात, म्हणजे मूर्खांची टेकडी. डबे खायला, लोळायला तीच जागा.

आयसीयू पहिल्यापासून दोन भाषांची. काही तास जपानीतून, काही इंग्रजीतून, काही मिश्र. वेळापत्रकात प्रत्येक तासापुढे भाषेची खूण असते. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा, तोही तीसेक विषयांतून. कल्याण आलं, उतरा. टोकियोतल्याच सोफिया विद्यापीठातही १९४९ पासून इंग्रजीतून शिकवणारा आंतरराष्ट्रीय विभाग होता. त्याचंच रूप बदलत बदलत २००६ मध्ये लिबरल आर्ट्सचा गाकुबु झाला.

बाकीच्या देशात मात्र त्या सक्तीच्या दोन वर्षांचं हसं झालं. तीनतीनशे जणांचे वर्ग, जुन्या नोट्स आणि कंटाळलेले प्राध्यापक. विद्यार्थ्यांनी त्या विषयांचं नावच तोडून "पानक्यो" करून टाकलं. शब्द उच्चारतानाच जांभई येते. शेवटी १९९१ मध्ये सरकारने नियम सैल केले आणि राष्ट्रीय विद्यापीठांतले सामान्य शिक्षणाचे विभाग एकामागून एक बरखास्त झाले. ठळक अपवाद टोकियो विद्यापीठाचा. तिथे आजही प्रत्येक नवा विद्यार्थी पहिली दोन वर्षं कोमाबा परिसरात काढतो आणि दुसऱ्या वर्षात गुण व आवड बघून पुढचा गाकुबु ठरतो. हे सगळं चालतं जपानीतून. म्हणजे लिबरल आर्ट्सला इंग्रजी लागतंच असं नाही, याचा पुरावा जपानच्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठातच बसलेला आहे.

## मग इंग्रजी मधे कशी आली?

माझ्या मते यातली गोम सोसायटीच्या पुनर्विकासासारखी आहे. जुन्या इमारतीत एक भिंत हलवायची म्हटली तरी सर्वसाधारण सभा, हरकती आणि वर्षानुवर्षांची भांडणं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नवी इमारत बांधणं त्यापेक्षा सोपं. जपानी विद्यापीठात प्रत्येक गाकुबुची प्राध्यापक सभा असते आणि नेमणुका, अभ्यासक्रम, प्रवेश यांवर तिची पकड दीर्घकाळ घट्ट होती. अर्थशास्त्रवाल्यांना "तुमच्या मुलांना दोन वर्षं मोकळी सोडा" सांगणार कोण? त्यापेक्षा नवा गाकुबु काढायचा. आणि नवा काढायचा तर त्याला जुन्यांशी स्पर्धा नसलेलं कारण लागतं. इंग्रजी हे असं कारण होतं, ज्याला कुणी उघड विरोध करू शकत नव्हतं.

त्यामुळे १९९१ मध्ये जे मोडीत काढलं, ते २००४ पासून इंग्रजीची पाटी लावून परत येऊ लागलं. त्या वर्षी वासेदा विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय लिबरल आर्ट्सचा गाकुबु काढला. जपानी मातृभाषा असलेल्या मुलांना तिथे एक वर्ष परदेशात शिकून यावं लागतं. पुढे क्योतोच्या दोशिशाने २०११ मध्ये आणि रित्सुमेइकानने २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीशी मिळून, असेच अभ्यासक्रम काढले.

याला सरकारी पैशाचंही इंधन मिळालं. २००८ मध्ये तीन लाख परदेशी विद्यार्थी आणण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. २००९ मध्ये १३ विद्यापीठांना इंग्रजीतून पदव्या सुरू करायला निधी दिला गेला आणि २०१४ मध्ये आणखी मोठ्या योजनेत ३७ विद्यापीठं निवडली गेली. आता लक्ष्य २०३३ पर्यंत चार लाखांचं आहे. यामागे ज्ञानाची तळमळ आहेच, पण गणितही आहे. १९९२ मध्ये जपानमध्ये १८ वर्षांची मुलं वीस लाखांच्या वर होती. आज ती अकरा लाखांच्या खाली आलीत. निम्म्याहून जास्त खासगी विद्यापीठांच्या जागा भरत नाहीत. वर्गात बाकं रिकामी असली की इंग्रजी फार आवडू लागते.

## अकिताचा प्रयोग

एक ठिकाण मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण ते सगळ्या अंदाजांच्या उलट चाललं. अकिता हा उत्तर जपानमधला तांदूळ, साके आणि बर्फाचा प्रांत. लोकसंख्या वेगाने घटणारा आणि म्हातारा होत चाललेला. १९९० मध्ये तिथे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या विद्यापीठाची शाखा आली होती. तशा अमेरिकी शाखांचं त्या काळी पेव फुटलं होतं आणि बहुतेक बंद पडल्या. टोकियोतली टेंपल विद्यापीठाची शाखा १९८२ पासून टिकून आहे, ती अपवाद. अकिताची शाखा २००३ मध्ये बंद झाली. त्याच जागेवर प्रांताने २००४ मध्ये अकिता आंतरराष्ट्रीय विद्यापीठ काढलं.

पहिले अध्यक्ष मिनेओ नाकाजिमा चीनचे अभ्यासक होते आणि अटी त्यांनी कडक ठेवल्या. सगळे विषय इंग्रजीतून. पहिलं वर्ष वसतिगृहात, बहुधा परदेशी मुलाबरोबर एका खोलीत. एक वर्ष परदेशात शिकल्याशिवाय पदवी नाही, आणि परदेशी जायलाही इंग्रजीची पातळी व गुणांची किमान सरासरी गाठावी लागते. त्यामुळे चार वर्षांत पदवी न होणारेही बरेच. वर्षाला प्रवेश जेमतेम पावणेदोनशे मुलांना.

तिथल्या ग्रंथालयाचे फोटो मुद्दाम शोधून बघावेत. अकिताच्याच सुगी झाडाच्या लाकडाचे प्रचंड खांब, त्यांच्यावर उघडलेल्या छत्रीसारखं छत, आणि खाली अर्धगोलात पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली पुस्तकं. ते वर्षाचे ३६५ दिवस, २४ तास उघडं असतं. गंमत म्हणून नव्हे. जवळपास जाण्यासारखं काही नाही, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि उद्या सकाळी निबंध द्यायचाय. मग रात्री दोनला मुलं ग्रंथालयात नाही तर कुठे असणार?

आणि तो निबंध. जपानी शाळेत इंग्रजी बराच काळ वाक्य फोडून त्याचा जपानी अर्थ लिहिण्याच्या पद्धतीने शिकवली गेली. व्याकरण चोख, तोंड बंद. अशा मुलाला पहिल्याच सत्रात इंग्रजीत मत मांडायला सांगतात, तेव्हा अडतं ते शब्दांपाशी नाही. जपानी लेखनात "असं म्हणता येईल असं वाटतं" हे वाक्य सभ्य आणि पूर्ण मानलं जातं. इंग्रजी निबंधात शिक्षक त्याखाली लाल रेघ मारतो. वाटतं कुणाला? का वाटतं? पुरावा काय? "हे असं आहे, कारण..." असं लिहायला लागणं ही भाषा बदलणं नव्हे, उभं राहण्याची ढब बदलणं आहे. पहिलं वर्ष बरंचसं यातच जातं.

## "पण इंग्रजीतून शिकवताना विषयच पातळ होत नाही का?"

होतो, काही ठिकाणी नक्की होतो. ज्या प्राध्यापकाने आयुष्यभर जपानीतून इतिहास शिकवला, त्याला वरून हुकूम आला म्हणून इंग्रजीतून शिकवायला लावलं, तर तासात स्लाइड वाचून दाखवण्यापलीकडे काही होत नाही. विद्यार्थीही आठवड्याला ऐंशी पानांऐवजी वीसच वाचू शकतात. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. ज्याला आडात पोहता येत होतं त्याला पहिले सहा महिने समुद्रात नाकातोंडात पाणी.

म्हणून अख्खा अभ्यासक्रम इंग्रजीचा आहे की मूळ जपानी विभागाला इंग्रजीचं ठिगळ लावलंय, हे तपासणं महत्त्वाचं. आयसीयू, अकिता, सोफिया यांनी इंग्रजी लेखन-वाचनाची भक्कम पायाभरणी आणि त्यासाठी वेगळे शिक्षक ठेवले आहेत. सगळीकडे तसं नाही.

## "लिबरल आर्ट्स करून नोकरी कोण देणार?"

इथे जपान आपल्याला चकवतो. तिथल्या मोठ्या कंपन्या दरवर्षी एप्रिलमध्ये ताज्या पदवीधरांची सरसकट भरती करतात आणि काम स्वतः शिकवतात. बँकेत रुजू झालेला मुलगा साहित्याचा पदवीधर असणं यात कुणाला नवल वाटत नाही. कंपनी कौशल्य विकत घेत नाही, माणूस दत्तक घेते म्हणा ना. त्यामुळे आपल्याकडच्यासारखं "बीए करून काय करणार" हे सावट तिथे बरंच फिकं आहे. अकिताच्या पदवीधरांचं नोकरी मिळण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांच्या आसपास राहिलंय, आणि भरतीसाठी कंपन्या त्या बर्फातून तिथवर जातात.

पण ही गोष्ट जपानी मुलांची. परदेशी मुलासाठी त्याच भरतीचे अर्ज, अभियोग्यता चाचण्या आणि मुलाखती बहुतांशी जपानीतूनच होतात. पदवी इंग्रजीतून मिळाली तरी नोकरीसाठी जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी, म्हणजे वरून दुसरी, बहुतेक ठिकाणी किमान धरली जाते. चार वर्षं इंग्रजीच्या उबेत काढलेल्या मुलाला हे शेवटच्या वर्षी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय सप्टेंबरमध्ये प्रवेश घेणारा सप्टेंबरमध्ये पदवीधर होतो आणि भरती एप्रिलची. टोकियो विद्यापीठाने २०११-१२ च्या सुमारास सगळे प्रवेशच शरद ऋतूत न्यायचा विचार केला होता. तो बारगळला, कारण शाळा, परीक्षा आणि कंपन्या सगळ्यांचं वर्ष एप्रिलला बांधलेलं आहे.

## "सरकार तर मानव्यविद्या बंद करायला निघालं होतं ना?"

२०१५ च्या जूनमध्ये शिक्षण मंत्रालयाने राष्ट्रीय विद्यापीठांना पत्र पाठवून मानव्यविद्या व समाजशास्त्रांचे विभाग बंद करा किंवा समाजाला जास्त उपयोगी पडतील अशा क्षेत्रांकडे वळवा, असं सुचवलं. मोठा गदारोळ झाला. मजा म्हणजे उद्योगपतींची संघटना केइदानरेन हिनेच जाहीर केलं की आम्हाला असं काही नको आहे. मंत्रालयाला शब्दांची सारवासारव करावी लागली. एका हाताने आंतरराष्ट्रीय लिबरल आर्ट्सला निधी आणि दुसऱ्या हाताने हे पत्र, यातली विसंगती मला आजही नीट लागत नाही. इंग्रजी आली की तीच विद्या "जागतिक" होते आणि जपानीत राहिली की "निरुपयोगी", असं काहीतरी असावं.

## देजिमा

या अभ्यासक्रमांवरची सगळ्यात बोचरी टीका एका जुन्या शब्दात होते. देजिमा. जपानने दारं लावून घेतली होती त्या काळात, १६४१ पासून दोनशेहून जास्त वर्षं, डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरातल्या पंख्याच्या आकाराच्या एका कृत्रिम बेटावर ठेवलं होतं. गावाशी जोडणारा एकच छोटा पूल आणि पुलावर पहारा. परदेशी आत आहेत, पण देशात नाहीत. बऱ्याच विद्यापीठांतले इंग्रजी अभ्यासक्रम असेच देजिमा झालेत, असं टीकाकार म्हणतात. वेगळी इमारत, वेगळी सूचनाफलकं, वेगळे मित्र. विद्यापीठ जसं होतं तसंच राहतं आणि माहितीपत्रकावर रंगीत फोटो येतात.

पहारा मात्र आता एका बाजूने नाही. पूल ओलांडायचा की नाही हे पाहुण्यावरही आहे. नव्या घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. फॉर्मवर कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, खिडकीपलीकडची बाई कमालीची अदबशीर, आणि तिची ती अदबीची जपानी वर्गातल्या जपानीसारखी अजिबात नसते. त्या खिडकीसमोर पहिल्याच आठवड्यात देजिमाची हद्द कळते.

## काकूंना उत्तर

तर काकू, इथलं कॉलेज वाईट नाही. पुण्यात फ्लेम आणि सिंबायोसिस लिबरल आर्ट्स शिकवतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने आता साध्या कॉलेजातही मुख्य आणि दुय्यम विषयांची निवड आणली आहे. नुसतं इंग्रजीतून शिकायला जपानला जाण्यात अर्थ नाही. जपान हवा असेल, तिथली भाषा पहिल्या दिवसापासून शिकायची तयारी असेल, आणि विषय ठरवायला दोन वर्षं हवी असतील, तर मात्र हा मार्ग चांगला आहे आणि अमेरिकेपेक्षा पुष्कळ स्वस्तही.

राष्ट्रीय विद्यापीठाची प्रमाण फी वर्षाला ५,३५,८०० येन, म्हणजे साधारण तीन लाख रुपये, आणि सुरुवातीला एकदाच २,८२,००० येन प्रवेश शुल्क. खासगीत वर्षाला दहा लाख येनच्या वर, काही ठिकाणी पंधरा लाखांपुढे. पण टोकियो विद्यापीठाने २०२५ पासून फी ६,४२,९६० येन केली आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवरची मर्यादा सरकारने २०२४ मध्ये उठवली आहे, तेव्हा जुने आकडे धरून बसू नका. पार्टटाइम कामाला परवानगी काढून सत्रात आठवड्याला २८ तास. त्यात फी निघत नाही, जेवणखाण निघू शकतं.

पुणेकरांनी ओकायामाकडेही बघावं. सिंहगड रस्त्यावरची ती जपानी बाग आपण ज्या शहराच्या मैत्रीखातर बांधली, त्या शहरातल्या राष्ट्रीय विद्यापीठात विद्याशाखांच्या भिंती ओलांडून, इंग्रजीतूनही शिकता येईल असा पदवी अभ्यासक्रम आहे.

आणि तारखा आधी बघा. आपला बारावीचा निकाल मे महिन्याच्या सुमारास लागतो. सप्टेंबरच्या प्रवेशाचे अर्ज बहुतेक ठिकाणी त्याआधीच्या हिवाळ्यात किंवा वसंतात घेतले जातात आणि त्यासाठी सॅट किंवा तत्सम परीक्षेचे गुण, इंग्रजीची परीक्षा, निबंध हे सगळं तयार लागतं. म्हणजे तयारी अकरावीच्या दिवाळीपासून. माझ्याकडे दरवर्षी जूनमध्ये पेढ्यांबरोबर मार्कशीट घेऊन येणारी दोन-तीन कुटुंबं असतात. पेढे मी घेते आणि पुढच्या वर्षीच्या तारखा लिहून देते.